थांबलेल्या झाडातली धावपळ

"झाड बिचारं काय करणार?" हे वाक्य मी आयुष्यात दोनदा अगदी ठामपणे उच्चारलं आहे. दोन्ही वेळा समोर एकच माणूस होता, आणि दोन्ही वेळा मी चूक होतो. आज त्याची कबुली द्यायची आहे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्या तपासल्या, आता निवृत्तीनंतर आपलीही वही एकदा तपासावी म्हणतो.

पहिली वेळ १९८४ सालची. मी मूळचा इतिहास-मराठीचा माणूस, मराठी माध्यमातून बी. ए. झालेला. पण सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या शाळेत विज्ञानाचे सर बदलून गेले, की नवे येईपर्यंत तो तास माझ्या गळ्यात पडायचा. त्या दिवशी तळ्यातून हायड्रिला आणली होती. तिचं पान पातळ असतं, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली पेशी थेट दिसतात. शाळेत सूक्ष्मदर्शक एकच. मुलं रांगेनं येऊन डोळा लावत होती आणि पुढं सरकत होती. एक मुलगा मात्र जागचा हलेना. म्हणाला, "सर, आतले हिरवे दाणे फिरतायत. यांना कोण ढकलतंय?"

मी म्हटलं, "आपोआप फिरतात. पेशीतलं द्रव्य पातळ असतं, त्यात ते वाहतात."

"मग ते पातळ कोण फिरवतंय?"

मागं रांग खोळंबली होती. मी त्याला पुढं घालवलं आणि वर्गाला नेहमीचा धडा सांगितला. प्राणी पळतात, लढतात. झाड बिचारं काय करणार? ते एका जागी उभं राहून सोसतं.

दुसरी वेळ २००८ ची, मी नुकताच निवृत्त झालो होतो. तोच मुलगा, आता डाळिंबाचा बागाईतदार, एक फळ रुमालात गुंडाळून घेऊन आला. फळावर तेल सांडल्यासारखे काळपट डाग आणि त्यातून साल तडकलेली. त्या वर्षांत आमच्या भागात 'तेल्या' हा शब्द घरोघरी झाला होता. झँथोमोनास कुळातल्या जीवाणूमुळे होणारा हा रोग. बागाच्या बागा गेल्या. तो म्हणाला, "सर, माणसाला जंतू लागला की ताप येतो, अंग आतून झगडतं. झाड काहीच करत नाही का हो?"

मी काय म्हणालो असेन, ते तुम्ही ओळखलंच असेल. पुढच्या हंगामाआधी त्यानं बाग उपटली.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे माझी नात. ती जीवतंत्रज्ञान शिकते. गेल्या दिवाळीत तिला हा किस्सा सांगितला, तर हसून म्हणाली, "आबा, झाड लढतं. आणि ते दाणे कोण ढकलतं, तेच त्या लढाईतही असतं." मग तिनं चार शोधनिबंध आणून माझ्यापुढं टाकले आणि सुट्टीभर बसून समजावून दिले. त्यातलं विज्ञान मला किती पचलं हे देव जाणे, पण त्याच्या मागचा इतिहास मी शोधून काढला. इतिहासाच्या मास्तरला तेवढंच जमतं!

सुरुवात करायची ती एका भांडणापासून. १८७६ साली रॉबर्ट कोख यांनी जनावरांच्या काळपुळी रोगामागचा जीवाणू सिद्ध केला आणि जंतूंमुळे रोग होतात ही कल्पना रुजू लागली. त्यानंतर लगेचच अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातले थॉमस बरिल यांनी असं मांडलं, की पेअर आणि सफरचंदाच्या फांद्या जळाल्यासारख्या काळ्या पडतात त्यामागंही जीवाणूच आहेत. १८८५ मध्ये जे. सी. आर्थर यांनी प्रयोगानं ते पक्कं केलं. रोगी झाडाचा रस जंतूंसकट टोचला तर रोग होतो, जंतू गाळून टोचला तर होत नाही.

एवढ्यावर मिटायला हवं होतं, पण मिटलं नाही. जर्मनीत लाइपझिगला आल्फ्रेड फिशर नावाचे मोठे वनस्पतिशास्त्रज्ञ होते. १८९७ मध्ये त्यांनी जीवाणूंवर पुस्तक लिहिलं आणि त्यात वनस्पतींना जीवाणूंमुळे रोग होतात ही गोष्ट साफ नाकारली. त्यांचा युक्तिवाद काही वेडगळ नव्हता. वनस्पतीच्या प्रत्येक पेशीभोवती सेल्युलोजची भक्कम भिंत असते, तिला दार नसतं, मग जीवाणू आत जाणार कसा? सडक्या भागात जीवाणू सापडतात, कारण ते झाड मेल्यावर मेजवानीला येतात. अमेरिकेच्या कृषी खात्यातले एर्विन स्मिथ यांनी याला उत्तर दिलं आणि १८९९ ते १९०१ या काळात दोघांची छापील जुगलबंदी झाली. स्मिथ यांनी रोगामागून रोग, पुराव्यामागून पुरावे मांडले. जीवाणू पानांच्या कडेला असलेल्या जलरंध्रांतून, पर्णरंध्रांतून, जखमांतून शिरतात हे दाखवलं. स्मिथ जिंकले. आपल्याकडेही पुढं पुण्याच्या कृषी महाविद्यालयात एम. के. पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिकांवरच्या अनेक जीवाणूंचा छडा लावला.

पण गंमत पाहा. फिशर हरले तरी अर्धे बरोबर होते. हे रोगकारक जीवाणू पानात शिरतात, पण पेशीच्या आत सहसा जातच नाहीत. दोन पेशींमधल्या फटीत मुक्काम ठोकतात. भिंतीला दार नाही हे खरंच. मग बाहेर बसून ते आतल्या पेशीचं वाटोळं करतात तरी कसं? हा प्रश्न पुढची नव्वदेक वर्षं उभा राहिला.

आता दुसरा धागा, हिरव्या दाण्यांचा. माझ्या विद्यार्थ्याला पडलेला प्रश्न २१० वर्षं जुना निघाला. १७७४ साली इटलीतले बोनाव्हेंतुरा कोर्ती या धर्मगुरूंनी कारा नावाच्या पाणवनस्पतीच्या पेशीत द्रव्य सतत गोल फिरताना पाहिलं आणि त्यावर पुस्तक लिहिलं. काराच्या पेशीत या प्रवाहाचा वेग सेकंदाला सुमारे १०० मायक्रोमीटर भरतो, म्हणजे मिनिटाला ६ मिलिमीटर. एवढ्याशा पेशीच्या मानानं ही घोडदौडच झाली. पण ढकलतंय कोण, हे कुणालाच दिसेना. पाठ्यपुस्तकांत पेशी म्हणजे पिशवीत भरलेला चिकट रस असंच चित्र राहिलं. मी वर्गात सांगितलं तेच.

दिसत नव्हतं याचं कारण मला फार विचार करायला लावणारं वाटलं. विसाव्या शतकाच्या मध्यावर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आला. त्यात पेशी पाहायची तर आधी तिला रसायनात बुडवून घट्ट करावं लागतं. त्यासाठी ऑस्मियम टेट्रॉक्साइड किंवा पोटॅशियम परमँगनेट वापरत. पेशीच्या आतले सर्वांत नाजूक धागे त्या रसायनांतच विरघळून, मोडून जात. म्हणजे शास्त्रज्ञ बघायच्या आधीच ती गोष्ट नष्ट करत होते, आणि नंतर म्हणत होते की इथं काही नाही!

इतिहासाच्या अभ्यासकाला हे ओळखीचं वाटेल. एखाद्या गावचं दप्तर वाळवीनं खाल्लं, म्हणून त्या गावात काही घडलंच नाही असं होत नाही.

पॉल ग्रीन नावाच्या अमेरिकन संशोधकानं मात्र न बघताच ताडलं. कोल्चिसिन नावाचं एक विषारी द्रव्य आहे. आपल्या रानात पावसाळ्यात फुलणारी कळलावी तुम्ही पाहिली असेल, तिच्या कंदात आणि बियांतही ते असतं. ग्रीन यांनी नायटेला या पाणवनस्पतीला कोल्चिसिन दिलं, तर तिच्या लांबट वाढणाऱ्या पेशी चेंडूसारख्या गोल फुगू लागल्या. १९६२ मध्ये त्यांनी लिहिलं, की पेशीला लांबट आकार देणारे काही प्रथिनांचे तंतू आत असले पाहिजेत, आणि हे विष ते मोडत असलं पाहिजे.

दुसऱ्याच वर्षी, १९६३ मध्ये, हार्वर्डमध्ये मायरन लेडबेटर आणि कीथ पोर्टर यांनी ग्लुटारअल्डिहाइड हे नवं रसायन वापरून मुळांच्या टोकांच्या पेशी घट्ट केल्या. आणि दिसल्या! पेशीच्या भिंतीलगत ओळीनं मांडलेल्या सूक्ष्म नलिका. जाडी सुमारे २५ नॅनोमीटर, म्हणजे माणसाच्या एका केसाच्या रुंदीत तीनेक हजार शेजारी शेजारी मावतील. या नलिका ट्युब्युलिन या प्रथिनाच्या असतात, हे नंतरच्या चार-पाच वर्षांत स्पष्ट झालं, तेही कोल्चिसिनच्याच मदतीनं.

राहिले ते याहून बारीक धागे. ते ॲक्टिन या प्रथिनाचे. ॲक्टिन १९४२ साली हंगेरीत सेगेड इथं एफ. बी. श्ट्राउब यांनी वेगळं केलं होतं, पण कुठून? तर सशाच्या स्नायूतून! आपण हात उचलतो तो ज्याच्या जोरावर, ते हे प्रथिन. १९७४ मध्ये नायटेलात जिथं द्रव्य वाहतं, नेमके तिथंच ॲक्टिनच्या धाग्यांचे जुडगे असल्याचं सिद्ध झालं. त्या धाग्यांवरून मायोसिन नावाची प्रथिनं ओझं ओढत चालतात आणि त्यांच्यासोबत सारं द्रव्य फिरतं. आपल्या दंडातली आणि तळ्यातल्या शेवाळातली यंत्रणा मुळात एकच. कोर्तींना दोनशे वर्षांनी उत्तर मिळालं. माझ्या वर्गातल्या मुलानं १९८४ ला विचारलं, तेव्हा ते उत्तर दहा वर्षांचं झालं होतं. फक्त माझ्यापर्यंत पोचलं नव्हतं.

नलिका आणि धागे मिळून जे जाळं होतं, त्याला पेशीचा सांगाडा म्हणतात. मला हा शब्द थोडा फसवा वाटतो. आपली हाडं वर्षानुवर्षं टिकतात. हा सांगाडा मात्र एका टोकाला बांधला जातो आणि दुसऱ्या टोकाला मोडला जातो, सेकंदा-सेकंदाला. सांगाड्यापेक्षा त्याला रस्ते म्हणावं. जत्रेपुरते पडणारे, गरज सरली की मोडणारे रस्ते.

आता पुन्हा १९६३. (मी तेव्हा सातवीत होतो आणि जगात हे चाललंय याचा पत्ताही नव्हता.) त्याच वर्षी हंगेरीतच झोल्तान क्लेमेंट यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. तंबाखूच्या पानात सुईनं जीवाणू सोडायचे. निरुपद्रवी जीवाणू सोडले तर काही होत नाही. तंबाखूचेच रोगजंतू सोडले तर रोग सावकाश पसरतो. पण दुसऱ्या एखाद्या पिकाचे रोगजंतू सोडले, तर पानाचा तेवढाच भाग एका दिवसात मरून वाळतो आणि रोग तिथंच थांबतो. पान स्वतःचा तुकडा मारून शत्रूला कोंडतं. आग पसरू नये म्हणून मधली झोपडी पाडतात ना, तसं. बुरशीच्या बाबतीत असं घडतं हे १९१५ पासून माहीत होतं, आता जीवाणूंबाबत ते कुणालाही करून बघता येऊ लागलं. झाड सोसत नव्हतं, झाड निर्णय घेत होतं.

पण झाडाला शत्रू आला हे कळतं कसं? याचं एक मोठं उत्तर १९९९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलहून आलं. गेओर्ग फेलिक्स, टोमास बोलर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की जीवाणूच्या पोहण्याच्या शेपटीतल्या प्रथिनाचा एक अगदी छोटा तुकडा, केवळ २२ अमिनो आम्लांचा, वनस्पती ओळखतात. तो ओळखणारं प्रथिन पुढच्याच वर्षी सापडलं. आणि योगायोग असा, की ज्या फिशर यांनी जीवाणूजन्य रोग नाकारले, ते १९०२ नंतर याच बाझेलमध्ये प्राध्यापक होते!

त्यानंतर दारं बंद होतात. २००६ मध्ये मेली मेलोट्टो, शेंग यांग हे आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की जीवाणूची चाहूल लागताच पान तासाभरात पर्णरंध्रं मिटून घेतं. आणि काही जीवाणू विष सोडून ती पुन्हा उघडायला लावतात.

आणि मग दोन्ही धागे एकत्र आले. १९६३ च्या त्या दोन शोधांना अर्धं शतक झालं होतं. अमेरिकेत पर्ड्यू आणि मिशिगन स्टेट या विद्यापीठांतल्या जेसिका हेंटी-रिडिला, ब्रॅड डे, ख्रिस्तोफर स्टायगर आदींनी २०१३ मध्ये मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिस या छोट्या रोपावर काम प्रसिद्ध केलं. जेलीफिशकडून घेतलेलं चमकणारं प्रथिन ॲक्टिनला जोडलं, म्हणजे पेशी न मारता धागे जिवंतपणी दिसू लागले. पानावर स्युडोमोनास जातीचे जीवाणू, किंवा नुसता तो २२ अमिनो आम्लांचा तुकडा सोडला, की काही मिनिटांतच पेशीत ॲक्टिनच्या धाग्यांचं जाळं दाट होत होतं. आणि औषध देऊन ते धागे बनूच दिले नाहीत, तर पानात जीवाणू जास्त माजत होते.

कशासाठी हे रस्ते? लढाईचं सामान न्यायला. पेशीच्या आत छोट्या छोट्या पुड्या तयार होतात. कशात भिंत जाड करायचा माल, कशात जीवाणूंना मारक द्रव्यं. हा माल या जाळ्याच्या आधारानं कडेपर्यंत पोचतो आणि तिथं ओतला जातो. गड नुसत्या तटबंदीवर लढत नाही हे मी तीस वर्षं इतिहासात शिकवलं. तटावर दारूगोळा वाहून नेणारे हात नसतील, तर कितीही उंच तट काय कामाचा! फिशर यांनी भिंत पाहिली. भिंतीमागची धावपळ त्यांच्या काळात दिसणं शक्य नव्हतं.

शत्रूला मात्र ती चांगलीच ठाऊक आहे. फटीत बसलेले हे जीवाणू पेशीला एक अतिसूक्ष्म सुई लावतात आणि तिच्यातून आपली प्रथिनं आत सोडतात. स्युडोमोनासजवळ ही सुई आहे, तेल्याच्या झँथोमोनासजवळही आहे. नव्वद वर्षं उभा असलेला प्रश्न असा सुटला. दार नसलेल्या भिंतीला त्यांनी सुईनं टोचलं. २०१२ मध्ये टोरांटोच्या संशोधकांनी दाखवलं, की स्युडोमोनासनं सोडलेलं एक प्रथिन सूक्ष्मनलिकांचं जाळं उद्ध्वस्त करतं आणि मालाची बाहेर जाणारी वाहतूक रोखतं. २०१४ मध्ये शिकागोच्या संशोधकांना दुसरं एक सापडलं, ते ॲक्टिनचे धागे मोडतं. म्हणजे हल्ला होतो तो थेट रस्त्यांवर. जे रस्ते माणसाला १९६३ पर्यंत दिसले नव्हते, ते मोडायची विद्या जीवाणूंना केव्हाची अवगत होती.

हे सगळं समजल्यावर मला दोन दिवस चैन पडेना. शेवटी त्या विद्यार्थ्याला फोन लावला. तोही आता पन्नाशी ओलांडलेला. डाळिंब सोडून त्याला बरीच वर्षं झाली. मी त्याला हायड्रिलाची आठवण दिली आणि जमेल तसं सांगितलं, की दाणे कोण ढकलत होतं, आणि पानात जंतू शिरला की त्याच रस्त्यांवर काय धावपळ उडते.

तो गप्प ऐकत होता. मग शेतकऱ्याला शोभेल असाच पहिला प्रश्न त्यानं विचारला, "सर, मग यावर काही औषध निघालंय का?"

मी म्हटलं, "नाही रे. मी सांगतोय ते प्रयोगशाळेतल्या रोपांवरचं आहे. त्यातून तेल्याचं औषध काही हातात आलेलं नाही. बागेत रोगट फांद्या छाटायच्या, स्वच्छता ठेवायची, झाडाला विश्रांती द्यायची, फवारायचं, जे तू करत होतास तेच."

"हं," म्हणाला. मग जरा वेळानं, "बाग उपटली ना सर, तेव्हा झाडांचा राग आला होता मला. पोटच्या पोरासारखं केलं आणि ही नुसती उभी राहिली, असं वाटलं होतं. उगाच राग धरला म्हणायचा."

त्या रागात माझ्या वाक्याचाही वाटा होता, हे मी त्याला फोनवरच सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, "सर, तुम्ही तरी काय करणार?"

असो. नातीनं येत्या सुट्टीत सूक्ष्मदर्शक आणायचं कबूल केलं आहे. हायड्रिला मी तळ्यावरून आणून ठेवेन. या वेळी रांग नसेल, त्यामुळे तो येईल तेव्हा हवा तितका वेळ डोळा लावून बसू दे.